पिशवी कोण धरणार?

डहाणूच्या महालक्ष्मीची जत्रा म्हटली की आमच्या घरचा क्रम ठरलेला. आधी देवीचं दर्शन, मग पाळणे, मग मसाल्याची खरेदी आणि शेवटी फुगे फोडायचा स्टॉल. तिथं आमचे हे आणि मुलगा छऱ्याची बंदूक उचलणार. मी आणि लेक मागे उभ्या. माझ्या हातात प्रसादाची पिशवी, तिच्या हातात दादाची पाण्याची बाटली.

गेल्या वर्षी ती म्हणाली, "आई, मी मारू?" आणि माझ्या तोंडून पटकन गेलं, "अगं, दादाला मारू दे. तू बाटली धर." घरी आल्यावर ते वाक्य मला टोचत राहिलं. कुणा पुरुषानं नव्हतं म्हटलं ते. मीच म्हटलं होतं!

म्हणून यंदा भिशीतल्या मैत्रिणींना म्हटलं, जत्रेतली एक दुपार फक्त आपली. प्रत्येकीला दहा छरे. जिचे फुगे जास्त फुटतील तिला बाकीच्यांनी उसाचा रस पाजायचा. डहाणूच्या आम्ही सहा जणी, तलासरीहून आलेल्या दोघी, चिकूच्या वाडीत कामाला जाणारी आमची वारली शेजारीण आणि माझी लेक, अशी दहा जणींची फौज विवळवेढ्याला उतरली.

स्टॉलवाला म्हणाला, "ताई, साहेब कुठायत?"

"साहेब घरी. तू बंदूक भर."

सुरुवातीला फजितीच झाली. एकीनं दोन्ही डोळे मिटून चाप ओढला. माझे दहातले दोन फुटले. साठीच्या काकूंनी चष्मा पुसून चार फोडले. शेजारीण मात्र गप्प उभी राहून आमचे छरे कुठे लागतात ते बघत होती. तिची पाळी आली आणि नऊ फुगे फुटले! आम्ही थक्क. ती हसून म्हणाली, "ही बंदूक उजवीकडं खाते, ताई. थोडं डावीकडं धरायचं. लहानपणी गलोलीनं कैऱ्या पाडायचो ना आम्ही."

कैऱ्या-चिंचा आपणही पाडल्यात की! मग एक वय येतं, "मुलीच्या जातीला शोभत नाही" हे ऐकू येतं. हातातला दगड सुटतो आणि पिशवी येते.

खरं तर नेमबाजीत दंडाच्या बळापेक्षा स्थिर हात, आवरलेला श्वास आणि शांत डोकं यांचं काम जास्त. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये स्कीट, म्हणजे हवेत उडणाऱ्या चकत्या फोडण्याची स्पर्धा, स्त्री-पुरुषांची एकत्र होती. चीनच्या झांग शाननं सगळ्या पुरुषांना मागे टाकून सुवर्ण जिंकलं. पण १९९६ मध्ये अटलांटाला ती स्पर्धा फक्त पुरुषांसाठी ठेवली गेली. स्त्रियांचं स्कीट आलं ते २००० मध्ये, सिडनीला.

त्याच सिडनीत आपली अंजली वेदपाठक, म्हणजे नंतरची अंजली भागवत, एअर रायफलच्या अंतिम फेरीत पोचली. तिची सुरुवात झाली ती मुंबईत, कॉलेजच्या एनसीसीत. २०१० मध्ये कोल्हापूरची तेजस्विनी सावंत म्युनिकला जगज्जेती झाली. या मुलींमध्ये गुण होतेच, पण कधीतरी कुणीतरी त्यांच्या हातात रायफलही दिली होती, हे आपण विसरतो.

एअर रायफलच्या स्पर्धेला अंतर लागतं १० मीटर. शाळेच्या लांब व्हरांड्यात मावेल एवढं. डहाणू-तलासरीच्या शाळांमध्ये जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखाली मुलींना हे शिकवता येणार नाही का? गलोलीचा नेम असलेल्या मुली इथं कमी नाहीत. पदकं मिळोत न मिळोत, पण काही क्षण सगळं विसरून फक्त आपल्या लक्ष्याकडे बघायची सवय तरी लागेल. आम्हा बायकांना तेवढे क्षणसुद्धा कुठे मिळतात? चाप ओढायच्या आधी डोक्यात कुकरच्या शिट्या वाजतात!

माझ्या लेकीचे तीन फुगे फुटले, माझ्याहून एक जास्त. परतीच्या वाटेवर ती तेच सांगत होती, ज्याला त्याला.

पुढच्या वर्षी जत्रेला सगळे मिळून जाऊ, असं ह्यांना सांगून ठेवलंय. पिशवी? ती तुमच्याकडे!