विश्लेषण : मेंदूत ‘लिजन’ आहे, पण आजार कोणता?

एमआरआयच्या अहवालात ‘लिजन’ हा शब्द दिसला की घरात कॅन्सरची धास्ती पसरते. तोच शब्द डिस्चार्ज कार्डावर निदान म्हणून उतरला, तर विम्याच्या दाव्यापासून पुढच्या उपचारांपर्यंत सगळीकडे घोळ होतो.

लिजन म्हणजे काय?
मेंदूचा एखादा भाग स्कॅनमध्ये बिघडलेला दिसणे. ही खूण आहे, आजाराचे नाव नव्हे. भारतात अशी गाठ फीतकृमीच्या अळीची किंवा क्षयाची असल्याचे वारंवार आढळते. ती पू साचल्याने झालेली, मेंदूतच सुरू झालेल्या कर्करोगाची किंवा फुप्फुसातून पसरलेल्या कर्करोगाचीही असू शकते. प्रत्येकाचे औषध वेगळे.

कोड कशासाठी?
जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘आयसीडी-१०’ यादीत प्रत्येक आजाराला कोड आहे. विम्याच्या दाव्यात रुग्णालयाला तो भरावा लागतो. मेंदूतील फीतकृमीच्या अळीसाठी बी ६९.०, क्षयाच्या गाठीसाठी ए १७.८, मेंदूच्या कर्करोगासाठी सी ७१, तर दुसऱ्या अवयवातून मेंदूत पसरलेल्या कर्करोगासाठी सी ७९.३. निदान बाकी असेल, तर स्कॅनमध्ये दिसलेल्या गाठीसाठी आर ९०.० आहे.

चूक कुठे होते?
कोड भरणारा कर्मचारी डॉक्टरांनी लिहिले तेवढेच पाहतो. ‘लिजन’ एवढेच लिहिले, तर ‘मेंदूचा अनिर्दिष्ट विकार’ असा जी ९३.९ कोड पडू शकतो. मग ज्या आजारावर खर्च झाला, तोच कागदावर दिसत नाही. क्षयरुग्णाची सरकारकडे नोंद २०१२ पासून बंधनकारक आहे. अशा मोघम कागदामुळे तीही राहून जाऊ शकते. उलट बायोप्सीआधीच ‘कॅन्सर’ लिहिला, तर तो शिक्का पुढच्या प्रत्येक फाइलवर उमटत राहतो.

उपाय काय?
कोडिंग विभागाला दोष देऊन भागणार नाही. गाठ कुठे, किती, केवढी. संशय कशाचा, आधार कोणत्या तपासणीचा आणि कोणता अहवाल यायचा आहे, हे डॉक्टरांनीच लिहायला हवे. खात्री नसेल, तर ‘निदान बाकी’ असे स्पष्ट लिहिणे हीच अचूक नोंद. बायोप्सीचा अहवाल आल्यावर सुधारित कार्ड देणे रुग्णालयाचे काम आहे. नातेवाइकांनीही घरी निघण्यापूर्वी एवढे विचारावेच : ‘‘डॉक्टर, निदान पक्के झाले आहे का? कार्डावर तेच लिहिले आहे ना?’’