संगणकाला लागलेले खोटे कुलूप



आता खेड्यातील घरांतही संगणक आला आहे. मुलांचे परीक्षेचे अर्ज, शेतीचा हिशेब, परगावच्या आप्तांची छायाचित्रे अशा कितीतरी गोष्टी त्या एका यंत्रात साठविलेल्या असतात. अशा यंत्राचा पडदा अकस्मात झाकला गेला, त्यावर पोलिसांचे बोधचिन्ह उमटले आणि खाली 'तुम्ही बेकायदा चित्रे पाहिली आहेत. दंड भरा, नाहीतर अटक होईल' असा मजकूर आला, तर त्या घरात कोणती अवस्था होईल? काही केल्या ती पाटी हटत नाही. या प्रकारास पडदा अडविणारे रॅन्समवेअर म्हणतात. रॅन्सम म्हणजे खंडणी. त्याचे स्वरूप आणि त्यावरील उपाय आज आपण समजून घेऊ.

याचे ठळक उदाहरण म्हणजे रेव्हेटॉन. २०११-१२ च्या सुमारास त्याने युरोप आणि अमेरिकेत धुमाकूळ घातला. संगणक ज्या देशात असेल, त्याच देशाच्या पोलिसांचे चिन्ह आणि तेथील भाषा पडद्यावर येई. कित्येकदा संगणकाच्याच कॅमेऱ्याने टिपलेले मालकाचे छायाचित्रही शेजारी झळके. स्पेनमध्ये १०० युरो 'दंड' मागत. तो बँकेतून नव्हे, तर दुकानात मिळणाऱ्या आगाऊ भरण्याच्या कूपनांतून द्यावयाचा असे, म्हणजे घेणाऱ्याचा माग लागू नये. फेब्रुवारी २०१३ मध्ये स्पेनचे पोलीस आणि युरोपोल यांनी ही टोळी पकडल्याचे जाहीर केले. तिच्या २७ वर्षांच्या रशियन म्होरक्यास त्यापूर्वीच दुबईत अटक झाली होती. ही टोळी वर्षाकाठी दहा लाख युरोंहून अधिक कमावीत असावी, असा तपास करणाऱ्यांचा अंदाज होता.

हा चोर घरात शिरतो कसा? बहुधा आपणच सोडलेल्या फटीतून. संगणकातील जुने, दुरुस्त न केलेले प्रोग्राम ही त्याची आवडती वाट. रेव्हेटॉनच्या काळी जावा आणि फ्लॅश यांच्या जुन्या आवृत्त्यांतील दोष त्यास उपयोगी पडले. दूषित संकेतस्थळ नुसते उघडले तरी तो आत येई. फुकटचा चित्रपट, चोरीचा प्रोग्राम, अनोळखी ई-मेलला जोडलेली फाइल आणि हातोहाती फिरणारा पेन ड्राइव्ह या त्याच्या इतर वाटा. आत आल्यावर तो संगणक सुरू होताना आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामांच्या यादीत आपले नाव घालतो. म्हणून यंत्र बंद करून पुन्हा लावले तरी तीच पाटी पुढे उभी राहते.

परंतु एक गोष्ट नीट ध्यानात धरा. या प्रकारात आतील फाइलींना बहुधा धक्का लागलेला नसतो. कोणी दारावर गोणपाट टांगावे आणि आतील कणगी भरलेलीच असावी, तसे हे आहे. खरे कुलूप पडते ते मनावर. आरोपच असा लाजिरवाणा असतो की निरपराध मनुष्यही कोणापाशी बोलत नाही. गुपचूप पैसे भरून मोकळा होऊ पाहतो. २०१५ च्या आरंभी इंग्लंडमधील एका सतरा वर्षांच्या मुलाची हकीगत प्रसिद्ध झाली. पोलिसांच्या नावाने १०० पौंड मागणारे असेच खोटे पत्र त्यास आले होते. त्याने ते खरे मानले, कोणास सांगितले नाही, आणि आपले जीवन संपविले. आईबापांनो, मुलगा घाबरून आपल्याकडे आला तर प्रथम त्यास जवळ घ्या. 'तू काय पाहत होतास?' हा प्रश्न मागाहूनही विचारता येईल.

आता उपाय. पैसे मुळीच भरू नका; भरल्याने पाटी हटेलच असे नाही. पडद्याचे छायाचित्र मोबाइलने काढा आणि इंटरनेटची जोडणी तोडा. पुष्कळदा ती पाटी म्हणजे ब्राउझरने पडदाभर उघडलेले एक पान असते. एस्केपची कळ दाबून धरा. तेवढ्याने भागले नाही तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा व ब्राउझर बंद करा. पुन्हा उघडताना जुनी पाने परत आणू नका.

इतके करूनही पाटी राहिली, तर प्रोग्राम आत शिरला आहे असे समजावे. विंडोज १० किंवा ११ असल्यास, सुरू होताना विंडोजची खूण दिसताच पॉवरचे बटण दाबून यंत्र बंद करा. लागोपाठ दोन-तीनदा असे केले म्हणजे दुरुस्तीची निळी पाटी येते. तेथे ट्रबलशूट, मग अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स निवडा. पूर्वीच्या दिवसाची नोंद असेल तर सिस्टिम रिस्टोअरने संगणक त्या स्थितीत नेता येतो. नसेल तर स्टार्टअप सेटिंग्जमधून सेफ मोड घ्या. त्यात मोजकेच प्रोग्राम चालतात, म्हणून चोर बहुधा निजलेला राहतो. तेवढ्यात फाइलींची प्रत काढून घ्यावी आणि जाणत्या माणसाकडून तो प्रोग्राम काढवून घ्यावा. दुसऱ्या निरोगी संगणकावर तयार केलेला अँटिव्हायरसचा बचाव पेन ड्राइव्हही उपयोगी पडतो. शेवटी संपूर्ण तपासणी करा, आणि सर्व पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदला. असे प्रोग्राम पासवर्ड चोरणारे सोबतीही आणतात.

फाइलींची नावे बदलली आणि त्या उघडेनाशा झाल्या, तर ते निराळे, अधिक कठीण दुखणे होय. त्यासाठी नेदरलँड्सचे पोलीस, युरोपोल आणि दोन संगणक-सुरक्षा कंपन्यांनी २०१६ मध्ये 'नो मोअर रॅन्सम' हे संकेतस्थळ सुरू केले. काही प्रकारांच्या किल्ल्या तेथे विनामूल्य मिळतात.

पथ्य मात्र साधे आहे. विंडोजच्या सुधारणा वेळच्या वेळी घ्या, चोरीचे प्रोग्राम टाळा, आणि महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत संगणकापासून वेगळी ठेवा.

आपल्या देशात आता हीच भीती दूरध्वनीवरून 'डिजिटल अटक' म्हणून दाखविली जाते. अशी अटक कोणत्याही कायद्यात नाही. संगणकाचा पडदा अडवून पोलीस दंड घेत नाहीत. पैसे गेले असतील तर विलंब न करता १९३० या क्रमांकावर कळवा. आणि पैसे गेले नसले तरी घरात एका तरी माणसाला सांगा. चोराची सारी मदार आपल्या मौनावर आहे.