कुत्रा लहान, आजार तोच

सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ रोजी शाळा, रुग्णालये, बस स्थानके, रेल्वे स्थानके आणि क्रीडा संकुलांच्या आवारातून भटकी कुत्री हटवण्याचा आदेश दिला. तेव्हापासून देशभरची चर्चा भटक्या कुत्र्यांभोवतीच फिरते आहे. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत मात्र भटका आणि पाळीव यांच्यातली रेघ पुसट असते. कुत्रा अंगणात जेवतो, दिवसभर गावात हिंडतो आणि रात्री ओट्यावर येऊन झोपतो. त्याच्या जोडीला आता घरोघर आणि फार्महाऊसवर आणखी एक कुत्रा दिसतो: केसाळ, बुटका, कडेवर सहज मावणारा. मालक त्याला पॉमेरियन म्हणतात. बहुतेक वेळा तो स्पिट्झ आणि गावठी कुत्र्याचा संकर असतो.

संकरित असणे हा दोष नव्हे. जवळच्या नात्यातील पैदाशीमुळे येणारे काही आनुवंशिक आजार अशा कुत्र्यांत कमी आढळतात. त्याला खाणे थोडे लागते, जागाही कमी पुरते. अनोळखी पावलाची चाहूल लागताच तो भुंकतो आणि घरातल्या एखाद्याला फार जीव लावतो. पण अंगाने लहान असलेला कुत्रा चटकन घाबरतो. कोणी झोपेतून उचलले, शेपूट ओढली किंवा जेवताना हात घातला की तो दात लावतो. त्याच्याशी खेळणारी बहुधा मुलेच असतात, त्यामुळे चावा बोटांवर किंवा चेहऱ्यावर बसतो.

मोठ्या भटक्या कुत्र्याने पोटरी फोडली तर कुटुंब लगेच रुग्णालय गाठते. घरच्या छोट्या कुत्र्याचा दात लागला तर हळद लावून विषय संपतो. वैद्यकीयदृष्ट्या हा हिशेब उलटा आहे. रेबीजचा विषाणू लाळेतून जखमेत शिरतो आणि मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे जातो. बोटे आणि चेहरा या भागांत मज्जातंतूंचे जाळे दाट असते आणि चेहऱ्यापासून मेंदू जवळ असतो. जखम केवढी दिसते यापेक्षा ती कुठे आहे आणि रक्त आले का, याला जास्त महत्त्व आहे. उत्तर प्रदेशातील बुलंदशहर जिल्ह्यातील एक तरुण कबड्डीपटू जून २०२५ मध्ये रेबीजने दगावला. गटारात अडकलेले पिल्लू बाहेर काढताना ते त्याच्या बोटाला चावले होते. जखम किरकोळ वाटली म्हणून त्याने लस घेतली नव्हती.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या अलीकडच्या अभ्यासानुसार देशात दरवर्षी सुमारे ९१ लाख लोकांना प्राणी चावतात आणि सुमारे ५,७०० जण रेबीजने मरतात. लक्षणे दिसू लागल्यावर हा आजार जवळजवळ नेहमीच जीव घेतो. त्याआधी योग्य उपचार मिळाले, तर तो टाळता येतो.

चावा किंवा ओरखडा झाला की पहिले काम नळाखाली करायचे. वाहते पाणी आणि साबणाने जखम १५ मिनिटे धुवावी. हळद, मिरची, चुना, तेल यांपैकी काहीही लावू नये. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा रुग्णालय गाठावे. पोटात १४ इंजेक्शने देणारी जुनी लस २००४ मध्येच बंद झाली. आता सरकारी केंद्रांत त्वचेखालच्या पातळ थरात नव्हे, तर थेट त्वचेत, दोन्ही दंडांवर लस टोचतात. पहिल्या लसीचा दिवस शून्य धरून पुढच्या लसी तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी देतात. रक्त आले असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडे, भरावी लागतात. लसीचा परिणाम सुरू होईपर्यंतचे दिवस तीच निभावून नेतात. ती प्रत्येक केंद्रात असतीलच असे नाही, म्हणून रुग्णाला मोठ्या रुग्णालयात पाठवले जाते.

अडचण इथेच येते. डोळखांब किंवा टोकावडे भागातल्या पाड्यावरून चार खेपा म्हणजे चार दिवसांची मजुरी आणि चार वेळचे गाडीभाडे. वीटभट्टीवर निघालेले कुटुंब दुसऱ्या डोसनंतर गावात नसते. अशांनी लसीचे कार्ड सोबत न्यावे. उरलेले डोस भट्टीजवळच्या सरकारी केंद्रातही घेता येतात. चावलेला पाळीव कुत्रा दहा दिवस नजरेखाली ठेवावा, पण त्याची वाट पाहत उपचार लांबवू नयेत. कुत्र्याला लस दिलेली असली तरी डॉक्टरांना दाखवावेच.

माणसाच्या या खेपा वाचवायच्या तर कुत्र्याला लस हवी. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की पहिली, महिन्याभराने दुसरी आणि मग दरवर्षी एक. कुत्रा छोटा म्हणून डोस अर्धा होत नाही. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ नुसार लसीकरण, जंतनाशन आणि निर्बीजीकरण ही पाळणाऱ्याचीच जबाबदारी आहे. बाकीची देखभालही इथल्या हवेनुसार करावी लागते. दाट केसांच्या कुत्र्याला मुरबाडचा एप्रिल-मेचा उन्हाळा सोसत नाही. त्याला सावली आणि दिवसभर पाणी लागते. पावसाळ्यात कान आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड शोधावेत. बिबट्याचा वावर असलेल्या गावांत रात्री त्याला घरात घ्यावे. सुट्टी संपल्यावर फार्महाऊसच्या फाटकाबाहेर सोडलेला कुत्रा पुढच्या वर्षी गावचा भटका कुत्रा होतो, बहुधा लसीविना.

शेजारच्या गोव्याने वाट दाखवली आहे. तिथे दरवर्षी घरोघर आणि रस्त्यांवर जाऊन कुत्र्यांना लस दिली गेली, कुत्र्यांमधील रेबीज ९२ टक्क्यांनी घटला आणि २०२१ मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर झाले. गावातल्या किमान ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली की आजाराची साखळी तुटते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. भारताने कुत्र्यांमुळे होणारा रेबीज संपवण्यासाठी २०३० हे वर्ष ठरवले आहे. शहापूर-मुरबाडमध्ये आठवडी बाजाराच्या दिवशी, म्हशाच्या यात्रेत आणि मोठ्या पाड्यांवर पशुवैद्यकीय दवाखाने आणि ग्रामपंचायतींनी मिळून वर्षाला एक शिबिर घेतले, तर गावठी आणि संकरित दोन्ही कुत्री एकाच फेरीत लसीखाली येतील.