कथेच्या वाटेवरचे बीदर

जपानमध्ये कामाकुरातील एका लहानशा रेल्वे फाटकापाशी पर्यटकांची झुंबड उडते. ‘स्लॅम डंक’ या अ‍ॅनिमे मालिकेच्या आरंभी ते दिसते, एवढेच त्याचे भांडवल. अशा भटकंतीला तिथे ‘तीर्थयात्रा’च म्हणतात. गोव्यालाही हे नवे नाही. २००१ च्या ‘दिल चाहता है’नंतर शापोरा किल्ला त्या चित्रपटाच्या नावाने ओळखला जाऊ लागला.

मराठी मनातले असे एक कथास्थळ मात्र कॅमेऱ्याच्या कितीतरी आधीचे आहे: बीदर. दुष्काळात मंगळवेढ्याची सरकारी कोठारे रयतेसाठी उघडणाऱ्या दामाजीपंतांचे देणे विठोबाने विठू महाराच्या रूपात बीदरच्या बादशहाकडे भरले, अशी ही कथा. महिपतींच्या ‘भक्तविजया’तून आणि कीर्तनांतून ती घरोघरी पोहोचली. तरीही भाविक बहुधा मंगळवेढ्यालाच थांबतो आणि बीदरचा पर्यटक बहमनी किल्ला व महमूद गवानाचा मदरसा पाहून परततो.

हा दुवा जोडण्यासारखा आहे, पण पथ्ये पाळून. कथा ही कथा म्हणूनच सांगावी. किल्ल्यातल्या अमुक एका दालनाला ती चिकटवली, की श्रद्धेचे रूपांतर दाव्यात व्हायला वेळ लागत नाही. कामाकुराच्या रहिवाशांना गर्दीचा झालेला जाचही विसरू नये.

१९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बीदर तत्कालीन म्हैसूर राज्यात गेले. कथेने मात्र पंढरीचा देव, मंगळवेढ्याची रयत आणि बीदरचा दरबार एकाच वाटेवर ठेवले आहेत. ती वाट पर्यटनाच्या नकाशावर यायला हवी.