सहा वर्षे लपवलेला राजा

घरातला कर्ता पुरुष अवेळी गेला की चार दिवस सारे गाव हळहळते. खरा प्रश्न त्यानंतर उभा राहतो. मागे राहिलेल्या लेकराचे काय, आणि त्याच्या वाट्याचे काय? लेकरू अजाण. त्याला आपला हक्क कळत नाही, मागता येत नाही. अशा वेळी घरातलेच कोणी त्याच्या ताटातला घास ओढते, आणि घरातलेच कोणी त्याला पदराखाली घेते. आज अशाच एका लेकराची गोष्ट सांगायची आहे. त्याच्या वाट्याला शेत नव्हते, अख्खे राज्य होते. ही गोष्ट बायबलच्या जुन्या करारात, राजे आणि इतिहास या पुस्तकांत आली आहे.

काळ इ. स. पूर्व ८४१ च्या सुमाराचा. यरुशलेम ही यहूदा राज्याची राजधानी, आणि गादी दावीद राजाच्या घराण्याची. उत्तरेला इस्राएल नावाचे दुसरे राज्य होते. तिथल्या अहाब राजाची लेक अथल्या यहूदाच्या राजवाड्यात सून म्हणून आली. तिचा मुलगा अहज्या बाविसाव्या वर्षी गादीवर बसला. पण वर्षभरातच उत्तरेत येहू नावाच्या सेनापतीने बंड केले आणि त्यात अहज्या मारला गेला.

मुलगा गेल्याची बातमी आली, तेव्हा अथल्येने काय करावे? नातवंडांना पोटाशी धरावे. तिने उलटेच केले. राजघराण्यातले सगळे वारस मारून टाकण्याचा हुकूम दिला आणि स्वतः गादीवर बसली. सत्तेची हाव सुटली म्हणजे रक्ताचे नातेही दिसेनासे होते.

त्या धुमाळीत एक बाई मात्र डगमगली नाही. तिचे नाव यहोशेबा. ती अहज्याची बहीण, म्हणजे मारल्या जाणाऱ्या मुलांची आत्या. आपल्याकडे बारशाला आत्या बाळाचे नाव ठेवते. या आत्येने बाळाचा जीव ठेवला. योवाश नावाचे जेमतेम वर्षाचे पोर तिने गुपचूप उचलले आणि दाईसकट बिछान्यांच्या खोलीत लपवले. तिचा नवरा यहोयादा हा मंदिराचा याजक होता. त्या मंदिरात ते पोर सहा वर्षे वाढले. पलीकडे राजवाड्यात अथल्या राज्य करीत होती, आणि गादीचा धनी तिच्या नजरेआड मोठा होत होता.

सातव्या वर्षी यहोयादाने पाऊल उचलले. त्याने घाई केली नाही. आधी शंभर-शंभर शिपायांवरच्या नायकांना मंदिरात बोलावले, त्यांच्याकडून शपथ घेतली आणि मगच त्यांना राजपुत्र दाखवला. दिवस निवडला शब्बाथाचा, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीचा. त्या दिवशी पहाऱ्याची पाळी बदले. पाळीवर येणारे शिपाई त्याने वाड्यावर आणि वेशींवर ठेवले. पाळी संपलेल्यांना घरी जाऊ न देता मंदिरात राजाभोवती उभे केले. पाळी बदलताना माणसांची ये-जा असायचीच, त्यात वावगे ते कोणाला काय दिसणार? मंदिरात दावीद राजाच्या वेळचे भाले आणि ढाली होत्या, त्या नायकांच्या हाती दिल्या.

मग सात वर्षांच्या योवाशाला बाहेर आणले. डोक्यावर मुकुट ठेवला, नियमांचा लेख हाती दिला, तेलाने अभिषेक केला. लोकांनी टाळ्या वाजवून राजाचा जयजयकार केला. गलबला ऐकून अथल्या धावत आली. खांबाजवळ उभा असलेला लहानगा राजा तिने पाहिला, कपडे फाडले आणि ‘फितुरी! फितुरी!’ म्हणून ओरडली. मंदिरात रक्त सांडू नये, असे यहोयादाने बजावले होते. शिपायांनी तिला बाहेर नेऊन वाड्याच्या घोडेवाटेवर मारले.

या प्रसंगी ‘देशाचे लोक’ हजर होते, असे ग्रंथ सांगतो. हे लोक म्हणजे खेड्यापाड्यांतले जमीनधारक, असे अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे गादीचा न्याय शिपायांच्या जोडीला कुणब्यांनीही केला, असे म्हणायला हरकत नाही.

गोष्ट इथेच थांबवावी, असे पुष्कळांना वाटेल. पण ग्रंथ थांबत नाही, म्हणून आपणही थांबू नये.

योवाशाने ४० वर्षे राज्य केले. यहोयादा होता तोवर तो नीट वागला. त्याला मंदिराची डागडुजी करायची होती. पण त्याच्या राज्याचे तेविसावे वर्ष उजाडले तरी काम तसेच पडून होते. तेव्हा झाकणाला भोक पाडलेली एक पेटी मंदिरात ठेवली. पेटी भरली की राजाचा कारकून आणि मुख्य याजक दोघे मिळून पैसे मोजत, आणि सुतार-गवंड्यांची मजुरी भागे.

पुढे यहोयादा म्हातारा होऊन वारला. राजासमोर सरदार आले, लवून मुजरे केले, गोड बोलले. राजा त्यांच्या ओंजळीने पाणी पिऊ लागला. यहोयादाचा मुलगा जखऱ्या समोर उभा राहून चुका दाखवू लागला, तेव्हा राजाच्या हुकमाने त्याला मंदिराच्या अंगणात दगडांनी ठेचून मारले. ज्यांनी जीव वाचवला, त्यांच्याच घरातला जीव घेतला! पुढे अरामी फौज चालून आली, आणि शेवटी योवाशाला त्याच्याच चाकरांनी बिछान्यावर मारले. इतिहास या पुस्तकात नोंद आहे की यहोयादाला राजांच्या शेजारी पुरले, आणि योवाशाला राजांच्या थडग्यांत जागा मिळाली नाही.

मग आत्येचे कष्ट वाया गेले का? नाही. योवाशानंतर त्याचा मुलगा अमस्या गादीवर आला. एका बाळाच्या जिवावर दावीदाचे घराणे यरुशलेम पडेपर्यंत, म्हणजे आणखी सुमारे २५० वर्षे, टिकले.

पण यहोयादाचे एक काम अपुरे राहिले. त्याने पोराला गादी दिली, सल्ला दिला, पण सल्लागार गेल्यावर एकट्याने उभे राहायचे बळ त्या राजात आले नाही. दोष राजाचाच, पण धडा आपल्याला आहे. १९५६ च्या कायद्याने अज्ञान हिंदू मुलाच्या स्वतंत्र मालकीची जमीन पालकाला न्यायालयाच्या परवानगीवाचून विकता येत नाही. म्हणजे जमीन राखायला कायदा आहे. पारख शिकवायला कोणता कायदा येणार?

म्हणून पोरक्या पुतण्याचा वाटा राखाच, पण तो सोळा-सतरा वर्षांचा झाला की त्याला बाजारात पाठवा, बियाण्याचा भाव करू द्या, हिशेब लिहू द्या. चार पैसे बुडाले तर बुडू द्या. तुम्ही जिवंत आहात तोवर तो चुकला तर सावरता येईल. तुमच्यामागे गोड बोलणारे येतीलच. त्यांना ओळखायची नजर त्याला आधी यायला हवी.