डाव बर्लिनचा, मालकी दुसऱ्याची

बर्लिनजवळच्या एका जुन्या हवेलीत शिरायचे, माहिती चोरायची आणि गुपचूप परतायचे. काम किरकोळ असल्याचे सर्वांनाच सांगितलेले असते. टोळीची म्होरक्या मोनिका शेफर आपला मेंदू तारेने संगणकाला जोडून घेते आणि दुसऱ्याच क्षणी खुर्चीत बसल्या जागी मरते. मरण्यापूर्वी ती एका ड्रॅगनचे नाव उच्चारते. मागे राहतात तिचे गोंधळलेले साथीदार आणि कालपरवाच टोळीत आलेला नवखा, म्हणजे खेळणारे आपण. ‘शॅडोरन: ड्रॅगनफॉल’ या व्हिडिओ गेमचा आरंभ असा आहे. 2014 साली आलेल्या या खेळाला आता दशक उलटून गेले असले तरी सायबरपंक प्रकारातील पाळीपाळीने चाली करण्याच्या भूमिकाप्रधान खेळांची चर्चा निघाली की त्याचे नाव हमखास घेतले जाते. ते का घेतले जावे आणि त्याच्या गुणगौरवात कोणते दोष झाकले जातात, हे आज निवांतपणे पाहता येण्याजोगे आहे.

प्रथम त्याच्या कुळाविषयी थोडेसे. ‘शॅडोरन’ हा मुळात टेबलाभोवती बसून कागद, पेन्सिल आणि फाशांच्या साह्याने खेळावयाचा खेळ. अमेरिकेतील ‘फासा’ या कंपनीने तो 1989 साली आणला. नजीकच्या भविष्यकाळात जगात जादू परतली आहे, माणसांच्या पोटी ऑर्क आणि बुटके जन्माला येत आहेत, ड्रॅगन कंपन्यांचे मालक झाले आहेत आणि या कंपन्यांना त्यांच्या आवारात देशाचा कायदा लागू होत नाही, अशी ती कल्पना. ऐकताना खिचडी वाटावी असेच हे मिश्रण आहे. सायबरपंकच्या शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांनी त्याकडे पाहून नाके मुरडली, त्यात नवल नाही. परंतु ड्रॅगनला भांडवलदार करण्यात एक खोच आहे. शतकानुशतके जिवंत राहणारा, सोन्याच्या राशीवर बसलेला आणि कोणालाही उत्तरदायी नसलेला प्राणी कंपनीच्या अध्यक्षपदी नेमला, तर फारसा बदल करावा लागत नाही!

या जगाच्या निर्मात्यांपैकी एक असलेले जॉर्डन वाइझमन यांनी मिच गिटलमन यांच्यासह ‘हेअरब्रेन्ड स्कीम्स’ ही छोटी संस्था काढली आणि एप्रिल 2012 मध्ये ‘किकस्टार्टर’वर थेट चाहत्यांपुढे हात पसरला. मागितले होते 4 लाख डॉलर, मिळाले 18 लाखांहून अधिक. देणाऱ्यांची संख्या 36 हजारांवर होती. त्यातून जुलै 2013 मध्ये सिएटल शहरात घडणारा ‘शॅडोरन रिटर्न्स’ आला. पुढच्या फेब्रुवारीत त्याला जोडून ‘ड्रॅगनफॉल’ आला आणि सप्टेंबर 2014 मध्ये त्याचीच सुधारित, स्वतंत्र आवृत्ती निघाली. ऑगस्ट 2015 मध्ये ‘शॅडोरन: हाँगकाँग’ने ही त्रयी पुरी झाली.

पहिला खेळ प्रामाणिक होता, पण तोकडा होता. जुना साथीदार सॅम वॉट्स याचा खून होतो, तो मरताच त्याने आधीच करून ठेवलेला निरोप आपल्याला पोहोचतो आणि मारेकरी शोधण्यासाठी तो बक्षीस लावून गेलेला असतो. आरंभ झकास. पुढे मात्र कथा रुळावरून गाडी न्यावी तशी एकाच दिशेने नेते. वाटेल तेव्हा खेळ जतन करण्याची सोयही सुरुवातीला नव्हती. प्रसंगाच्या शेवटी हरलात की तो सारा पुन्हा खेळा! चाहत्यांच्या तक्रारीनंतर ‘ड्रॅगनफॉल’बरोबर ती सोय आली. भाड्याने घेतलेले सोबती लढाईपुरते येत आणि जात; त्यांच्याशी नाते जुळावे इतका वेळच नव्हता.

‘ड्रॅगनफॉल’ने नेमके हेच दुरुस्त केले. येथील बर्लिनला सरकार नाही. ‘फ्लक्स स्टेट’ या नावाने अराजकवाद्यांनी चालविलेला तो एक प्रयोग आहे आणि त्यातील क्रॉइझबझार नावाच्या एका मोहल्ल्यात आपले बिऱ्हाड आहे. खऱ्या बर्लिनमधील क्रॉइझबर्ग हा तुर्की स्थलांतरितांचा आणि बंडखोर तरुणांचा भाग. त्याची सावली येथे जागोजागी दिसते. तुर्की धाटणीची कॉफी मिळणारे दुकान आहे, दवाखाना आहे, जादूच्या वस्तू विकणारा आहे. प्रत्येक मोहिमेनंतर आपण येथे परततो आणि दर खेपेस कोणाचे तरी काहीतरी बिघडलेले असते. पोलीस नाहीत, महापालिका नाही. तेव्हा भांडण कोणी मिटवायचे? मोनिका जिवंत असताना हे सारे तिच्याकडे येत असे. आता लोक आपल्या दाराशी येतात. सत्ता कोणाच्याच हाती नसावी असे म्हणणाऱ्या वस्तीतही कोणाला तरी जबाबदारी उचलावीच लागते, ही गोष्ट खेळ एकाही भाषणावाचून दाखवतो. सरकार नसलेल्या वस्तीचे भाबडे कौतुकही त्यात नाही आणि हेटाळणीही नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट पैशाची आहे. मोनिकाला कोणी मारले हे शोधण्यासाठी माहितीच्या एका दलालाला पन्नास हजार नुयेन द्यावयाचे आहेत. नुयेन हे या जगातील चलन. ही रक्कम जमवायची म्हणजे पडेल ते काम घ्यायचे. पण टोळी जिवंत ठेवायची तर चांगली बंदूक, चिलखत, औषधेही हवीत आणि त्यांना पैसे पडतातच. एरवी अशा खेळांत नायक जगाला वाचविण्याच्या घाईत असतो आणि तरीही बाजारात हिंडत बसतो. येथे बाजारातला प्रत्येक खर्च मनात खटकतो. मोहिमेच्या शेवटी मालकाशी दगाबाजी केली तर पैसे बुडतात, न केली तर अनेकदा कोण्या निरपराध्याचा बळी जातो. पोट आणि सदसद्विवेक यांच्यातील ही ओढाताण सायबरपंकचा खरा प्राण आहे. निऑनचे दिवे, पाऊस आणि काळे चष्मे हा नुसता पेहराव झाला. तो कोणीही चढवतो.

सोबत्यांचे चित्रणही असेच भरीव. माजी सैनिक असलेली आयगर ही ट्रोल जातीची स्त्री आपले नेतृत्व उघडपणे नाकारते, आणि तिचे म्हणणे चूक नसते. डीट्रिख एकेकाळचा पंक गायक, आता शामान. ग्लोरी ही वैद्यकीय जाणकार. तिने स्वतःच्या शरीराचा मोठा भाग काढून तेथे यंत्रे बसविली आहेत. ती अशी का झाली हे ती लगेच सांगत नाही. विश्वास बसल्यावर, एकेक मोहीम उलटल्यावर सांगते. खेळाच्या नियमांत ‘इसेन्स’ नावाचा एक आकडा आहे. शरीरात जितकी यंत्रे बसवावीत तितका हा आकडा घटतो आणि मंत्र वापरणाऱ्याला दोन प्रयोगांच्या मध्ये अधिक काळ थांबावे लागते. ग्लोरीची कहाणी ऐकल्यावर हा रुक्ष आकडा एकदम बोलू लागतो. नियम आणि कथा यांची अशी गाठ फार थोड्या खेळांत पडते.

आता लढाईकडे. प्रत्येक पात्राला पाळीमागे ठरावीक चाली मिळतात. त्यात पळायचे, आडोसा धरायचा, गोळी झाडायची. आपली सारी टोळी खेळली की शत्रूची पाळी. बुद्धिबळाची शिस्त आणि सारीपाटाचा फासा यांचे हे लग्न आहे. शामानने बोलावलेला आत्मा त्याच्याकडून अधिक काम करून घेऊ लागले की ताबा तोडून अंगावर उलटू शकतो. मांत्रिकाला जमिनीवरील अदृश्य शक्तिरेषांवर उभे राहिले तर बळ मिळते. डेकर, म्हणजे संगणकजालात शिरणारा चोर, आत झुंजत असताना त्याचे शरीर बाहेर निश्चल पडलेले असते आणि बाकीच्यांना ते राखावे लागते. दोन जगांतील दोन लढाया आलटूनपालटून चालतात, तेव्हा खेळाची उंची दिसते. आणखी एक शहाणपण असे की ‘कर्म’ नावाचे प्रगतीचे गुण शत्रू मारल्याबद्दल मिळत नाहीत, काम तडीस नेल्याबद्दल मिळतात. त्यामुळे बोलून वाट काढणारा खेळाडू मागे पडत नाही. (‘कर्म’ हा शब्द असा गुणपत्रिकेत वापरलेला पाहून आपल्याकडच्या वाचकाला हसू येईल, पण पाश्चात्त्य खेळांत तो फार दिवसांपासून रुळला आहे.)

असे असूनही लढाई ही या खेळाची दुबळी बाजूच आहे, असे म्हणावे लागेल. कारण शत्रूला डोके नाही. तो आडोशामागे बसतो, गोळी झाडतो, फार तर एखादा हातगोळा फेकतो. आपण दारापाशी टोळी उभी करून एकेकाला टिपत गेलो, तर तो तिसऱ्या पाळीतही तीच चूक करतो. पहिल्या दहा लढायांत जे डावपेच शिकलो, तेच विसाव्या लढाईत पुरतात. ‘एक्सकॉम’ या मालिकेतील 2012 चा खेळ ज्यांनी खेळला आहे, त्यांना हा फरक विशेष जाणवेल. तेथे प्रत्येक चालीची धास्ती वाटते. येथे पुष्कळदा पुढील संवादापर्यंत पोहोचण्यासाठी लढाई उरकावी लागते. सुधारित आवृत्तीत चिलखताचे नियम बदलले, मांडणी सुधारली; मूळ दुखणे राहिलेच.

संगणकजालाचे चित्रण हे दुसरे अपयश. ज्या साहित्यप्रकाराने वाचकांना सायबरअवकाशाचे वेड लावले, त्याच्या खेळात तो अवकाश म्हणजे निळसर भुयारे आणि तेथेही तीच गोळीबारी! ‘हाँगकाँग’मध्ये निर्मात्यांनी हे बदलायचे ठरवले आणि पहारेकऱ्यांची नजर चुकवत पळायचे, मग क्षणभर दिसलेले आकडे लक्षात ठेवून पुन्हा भरायचे, असा प्रकार आणला. दोनदा बरा वाटतो. सातव्यांदा वैताग येतो. शांत विचाराने चाली करण्यासाठी आलेल्या खेळाडूला मध्येच धावायला लावणे, ही त्या खेळाच्या स्वभावाशीच फारकत होती. शिवाय ‘हाँगकाँग’मध्ये मजकूर इतका वाढला की मोहिमेवरून परतल्यावर वस्तीतील प्रत्येकाची कैफियत वाचता वाचता पुढचे काम विसरावे. लेखन चांगले असले म्हणून कात्रीची गरज संपत नाही. या खेळांत पात्रांचे संवाद आवाजात ऐकू येत नाहीत, सारे वाचावे लागते. वाचनाची आवड असणाऱ्याला ते गैर वाटणार नाही, इतरांनी आधीच सावध असावे.

एक गोष्ट मात्र ‘हाँगकाँग’च्या बाजूने नोंदवावी लागेल. 1993-94 मध्ये प्रत्यक्षात पाडून टाकलेली काउलूनची तटबंदीतील वस्ती येथे भविष्यकाळात पुन्हा उभी राहिली आहे आणि तिच्यातील दारिद्र्य हे देखाव्यापुरते नाही. कथेचे रहस्यच त्यात दडले आहे.

‘ड्रॅगनफॉल’चा खलनायक हा स्वतंत्र विषय व्हावा. खेळ अद्याप न खेळलेल्यांनी हा परिच्छेद वगळला तरी चालेल. डॉ. व्हॉक्लेर या शास्त्रज्ञाला ड्रॅगनांचा निर्वंश करावयाचा आहे. त्याची भूमिका ऐकू लागलो की तिला उत्तर देणे अवघड होते. एवढ्या बलाढ्य, दीर्घायुषी आणि कायद्यापलीकडच्या शक्तींपुढे सामान्य माणसाने करायचे तरी काय? त्याला विरोध करणे भाग नाही, त्याच्या बाजूला जाण्याचीही मुभा आहे. ज्या खेळात प्रतिपक्षाचे म्हणणे खेळाडूला झोपू देत नाही, त्यातील लढाईचे दोष बरेच क्षम्य ठरतात.

या खेळांच्या बाहेरची हकीकत याहून कडवट आहे. 1999 मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘फासा’ची संगणकीय खेळांची शाखा विकत घेतली आणि ‘शॅडोरन’चे संगणकीय हक्क तिकडे गेले. 2007 मध्ये मायक्रोसॉफ्टने त्या नावाने नुसत्या गोळीबाराचा एक खेळ काढला. जुन्या चाहत्यांना तो आपला वाटला नाही. पुढे वाइझमन यांना स्वतःच्याच कल्पनेवर खेळ करण्यासाठी परवाना घ्यावा लागला. महाकंपन्यांविरुद्ध बंड करणाऱ्यांची ही कथा एका महाकंपनीच्या परवान्यावर उभी राहिली. छत्तीस हजार चाहत्यांनी पैसा दिला, तो निर्मितीसाठी. मालकी त्यांना मिळणार नव्हती आणि तसे कोणी वचनही दिले नव्हते.

जून 2018 मध्ये स्वीडनच्या पॅराडॉक्स इंटरॅक्टिव्हने ‘हेअरब्रेन्ड स्कीम्स’ 75 लाख डॉलर रोख देऊन विकत घेतली. आता भांडवलाची चिंता मिटली, असे तेव्हा अनेकांना वाटले होते. ऑक्टोबर 2023 मध्ये संस्थेचा ‘द लॅम्पलायटर्स लीग’ हा खेळ बाजारात आला आणि पडला. पॅराडॉक्सने त्याच महिन्यात फारकत जाहीर केली. त्याआधीच संस्थेत मोठी नोकरकपात झाली होती. 1 जानेवारी 2024 पासून संस्था स्वतंत्र झाली खरी, पण ‘लॅम्पलायटर्स’सह तिने आजवर केलेल्या खेळांची मालकी पॅराडॉक्सने स्वतःकडे ठेवली. म्हणजे कारागीर घराबाहेर आणि त्यांनी घडविलेल्या मूर्ती घरात.

तिन्ही खेळ आजही विकत मिळतात आणि साध्या लॅपटॉपवरही चालतात. पहिल्या खेळासोबत निर्मात्यांनी नवी कथानके रचण्याची साधने खेळाडूंच्या हाती दिली होती. त्यातून चाहत्यांनी ‘द अँटम्ब्रा सागा’, ‘काल्फ्री इन चेन्स’ यांसारख्या प्रदीर्घ मोहिमा विनामूल्य उभ्या केल्या. ज्याला नव्याने आरंभ करावयाचा आहे त्याने सिएटल सोडून थेट बर्लिनला उतरावे. लढाईची काठिण्यपातळी एक पायरी वर ठेवली तर शत्रूचे मठ्ठपण थोडे झाकले जाते. आणि पात्र घडविताना बोलण्याच्या कलेत गुण राखून ठेवावेत. रस्त्यावरच्या टोळ्यांची, पहारेकऱ्यांची, कंपनीच्या अधिकाऱ्यांची अशी निरनिराळी भाषा त्यातूनच वश होते आणि बर्लिनची कितीतरी दारे बंदुकीपेक्षा तिनेच उघडतात.