ऑपरेशनचं कुणाला विचारावं?

पुरुषाच्या ज्या दुखण्यावर चंद्रपूर-गडचिरोली या आपल्या दोन जिल्ह्यांत माणसं तोंड उघडत नाहीत, त्यावर भिंती मात्र भरभरून बोलतात. रेल्वेलाइनकडेची कुंपणं, स्टँडवरची मुतारी, आठवडी बाजारातला जडीबुटीचा तंबू, जिकडे पाहावं तिकडे 'मर्दाना कमजोरी' आणि 'निराश रोगी एकदा अवश्य भेटा'. आता मोबाइलची भर पडली. रात्री एकदा 'ताठरता येत नाही' असं शोधलं की पुढे कित्येक दिवस तेल, चूर्ण, पट्टे आणि हल्ली 'ऑपरेशनने कायमचा इलाज' अशा जाहिराती पाठ सोडत नाहीत.

मला बोलायचं आहे ते या ऑपरेशनबद्दल. ते खरंच असतं. ते करून संसार पुन्हा रुळावर आलेले पुरुष आहेत. पण ज्याच्याकडून त्याची माहिती घ्यायला हवी तो एक, आणि आपण ज्याच्याकडून घेतो तो भलताच, असं होतं. विकणाऱ्याकडून माहिती घेऊ नका, एवढंच माझं मागणं आहे. ऑपरेशनने काय होणार नाही हे जो आधी सांगतो, त्याच्यासमोर बसा.

भिंतीवरच्या हमीचं आधी उरकू. १९५४ सालचा औषधे आणि जादुई उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा आहे. नपुंसकत्व बरं करतो, संभोगशक्ती वाढवतो अशी जाहिरात करायलाच त्याने बंदी घातली आहे. नोंदणीकृत डॉक्टर आपल्या दवाखान्यावर पाटी लावतो ते वेगळं. पण जो भिंत रंगवून हमी देतो तो पहिल्याच ओळीत कायदा मोडतो. त्याच्या पुडीतलं चूर्ण 'शुद्ध आयुर्वेदिक' म्हणून येतं, आणि अशा चूर्णांत ताठरतेच्या इंग्रजी गोळीची पूड मिसळलेली तपासणीत अनेकदा सापडली आहे. म्हणून तर त्याचा गुण येतो, आणि म्हणूनच हृदयरोग्याला ते चूर्ण जिवावर बेतू शकतं.

या विषयावर सरळ उत्तर देणाऱ्याची आपल्याकडे काय गत झाली तेही आठवावं. र. धों. कर्वे १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवत होते. त्यात वाचक खासगी अडचणी विचारत आणि ते शास्त्राला धरून उत्तरं देत. त्या उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले, तरी ते खटला हरले. विचारणाऱ्याला उत्तर देणारा गुन्हेगार ठरला आणि भिंती रंगवणारे आजही मोकळे आहेत.

आता दुखण्याकडे येऊ. लिंगाला ताठरता येते ती रक्त भरल्याने. रक्त नेणाऱ्या नळ्या, त्यांना हुकूम देणाऱ्या नसा, हार्मोन आणि मन, यांपैकी काहीही बिघडलं तर ताठरता जाते. या नळ्या हृदयाच्या नळ्यांपेक्षा बारीक असतात, त्यामुळे आधी त्या चोंदतात. चाळिशी-पन्नाशीतल्या माणसाची ताठरता हळूहळू गेली तर काही वर्षांनी हृदय कुरकुर करील, याची ती आगाऊ सूचना असू शकते. शुगर हे मोठं कारण. बीपी आणि दारू ही आणखी दोन. आणि आपल्याकडचं खास कारण म्हणजे खर्रा. तंबाखू धुरातून घेतली काय आणि सुपारी-चुन्यात घोटून गालात धरली काय, निकोटिन रक्तात जातं आणि नळ्या आवळतं. खर्रा खाऊन ताकद येते म्हणणाऱ्या भावाने हे लक्षात ठेवावं.

म्हणून ऑपरेशनचा विचार मनात येण्याआधी शुगर, बीपी आणि चरबी तपासा, सकाळच्या वेळी टेस्टोस्टेरॉन तपासून घ्या. तीस वर्षांवरच्या सगळ्यांची बीपी-शुगर उपकेंद्रावर फुकट बघतात. त्यानंतर ताठरतेची गोळी, सिल्डेनाफिलसारखी. ती मेडिकलवाल्याकडून कानात सांगून घेऊ नका. छातीच्या दुखण्यासाठी जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटसारखी गोळी चालू असताना सिल्डेनाफिल घेतली तर बीपी एकदम कोसळून माणूस दगावू शकतो. गोळीने भागलं नाही तर हवा ओढून रक्त भरणारा पंप आहे, लिंगात घ्यायचं इंजेक्शन आहे. बहुतेकांचं इथवरच भागतं. ऑपरेशन त्यानंतर येतं, आणि जो डॉक्टर पहिल्याच भेटीत तारीख देतो त्याच्याकडून उठून यावं.

ऑपरेशन म्हणजे नेमकं काय? लिंगाच्या आत दोन बाजूंना स्पंजासारख्या दोन नळ्या असतात. त्यांत रक्त भरलं की ताठरता येते. ऑपरेशनमध्ये या नळ्यांत कायमचे दोन रॉड बसवतात. साध्या प्रकारात रॉड अर्धकडक असतो. हवं तेव्हा वर वळवायचा, एरवी खाली. दुसऱ्या प्रकारात फुगणाऱ्या नळ्या असतात. त्यांचा छोटा पंप अंडकोशाच्या पिशवीत आणि पाण्याची थैली पोटात बसवतात. पंप दाबला की नळ्या भरतात, काम झाल्यावर पाणी परत जातं. हा प्रकार ह्यूस्टनचे सर्जन ब्रँटली स्कॉट यांनी १९७३ साली मांडला. तो दिसायला नैसर्गिक, पण परदेशातून येतो आणि खर्च लाखांत जातो. त्यात भाग जास्त, म्हणून बिघडण्याची शक्यताही जास्त, आणि काही वर्षांनी दुरुस्तीसाठी पुन्हा टेबलावर जावं लागू शकतं.

मुंबईचे डॉ. रूपिन शहा यांनी भारतातल्या रुग्णाला परवडेल असा अर्धकडक सिलिकॉनचा रॉड बनवला. तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. माझं मत विचाराल तर कष्टकरी माणसाने साध्या रॉडची लाज बाळगू नये. त्यात मोडण्यासारखं थोडं, वापरायला हाताचं कसब लागत नाही, आणि दुरुस्तीसाठी मुंबई गाठावी लागण्याचा प्रसंग कमी. ताठरपणा कपड्यातून थोडा जाणवतो, एवढी त्याची गैरसोय.

जाहिरातीत नसलेला भाग आता ऐका. हा परतीचा रस्ता नाही. रॉड बसवताना आतला स्पंज दबतो, फाटतो. पुढे रॉड काढला तर आपली नैसर्गिक ताठरता परत येत नाही आणि गोळीही काम करत नाही. लांबी वाढत नाही, उलट पूर्वीपेक्षा थोडी कमी झाल्यासारखी वाटते. रॉडने इच्छाही वाढत नाही. इच्छाच मेली असेल तर कारण वेगळं, उपाय वेगळा. स्पर्शाची जाणीव, सुख, वीर्य बाहेर येणं हे आधी शाबूत असेल तर बहुतेक करून शाबूत राहतं. ऑपरेशननंतर चार ते सहा आठवडे संबंध नाही, जड उचलणं नाही. तेंदूच्या किंवा रोवणीच्या हंगामात तारीख घेऊ नका.

सगळ्यांत मोठी भीती जंतुसंसर्गाची. चांगल्या हातांत तो शंभरात एक ते तिघांना होतो, आणि शुगर बेताल असेल तर धोका वाढतो. झाला तर रॉड बहुधा काढावाच लागतो. म्हणून शुगर आटोक्यात आल्याशिवाय शहाणा सर्जन सुरीला हात लावत नाही. तो थांबवतो म्हणून चिडू नका.

रक्तवाहिन्या जोडण्याचं ऑपरेशनही असतं. ते अपघातात ओटीपोटाला मार बसून एखादी धमनी तुटलेल्या, एरवी ठणठणीत असलेल्या तरुणासाठी. खाणीतल्या किंवा रस्त्यावरच्या अपघातात असं होतं. 'शीर गळते, बांधून देतो' म्हणणारे पुष्कळ भेटतील. शीर बांधण्याच्या ऑपरेशनचा गुण टिकत नाही असा अनुभव आल्याने ते करू नये असं जाणकार संस्था सांगतात.

हे सगळं जगात कुठेही लागू आहे. आपल्या जंगलपट्टीत मात्र एक गोष्ट अशी आहे, जी घरात मुलगा असलेल्या प्रत्येकाला ठाऊक हवी.

गोंड, माडिया, परधान आणि इतरही अनेक समाजांत आपल्याकडे सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे. अंग दुखणं, कावीळ, रक्त कमी होणं हे आपण ओळखतो. पण सिकलसेलच्या पेशी लिंगातही अडकतात. मग इच्छा नसताना, झोपेत, बऱ्याचदा पहाटे ताठरता येते, ती उतरत नाही आणि असह्य दुखते. जगभरच्या नोंदींनुसार सिकलसेल असलेल्या पुरुषांपैकी साधारण एक तृतीयांश जणांना कधी ना कधी हे होतं, आणि सुरुवात बहुधा मुलगा वयात येताना होते. पोरगं पंधरा-सोळा वर्षांचं. सांगणार कुणाला? आई विचारते पोट दुखतं का, तो हो म्हणतो. बाप ओरडेल, मित्र हसतील, म्हणून पांघरूण घेऊन पडून राहतो.

घड्याळ तेव्हाच सुरू झालेलं असतं. ताठरता चार तासांपेक्षा जास्त टिकली तर ती तातडीची वेळ आहे. हृदयाच्या झटक्याला जशी गाडी बोलावतो तशीच १०८ बोलवायची. वेळेत पोहोचलं तर डॉक्टर सुईने साचलेलं रक्त काढतात, औषध टोचतात, आणि आतला स्पंज वाचतो. दीड-दोन दिवस गेले तर तो मरतो आणि जागी घट्ट गाठीसारखं मांस येतं. त्या पोराला पुढे आयुष्यभर ताठरता येणार नाही, गोळीनेही नाही. मग उरतं ते रॉडचं ऑपरेशन, आणि घट्ट झालेल्या मांसात ते फार अवघड जातं. म्हणून उशीर झालाच असेल तर काही आठवड्यांतच युरोलॉजिस्टला दाखवावं. वर्षांमागून वर्षं गेल्यावर तेच काम दुप्पट कठीण होतं.

तासाभरात उतरणारी, पण वारंवार येणारी ताठरताही डॉक्टरला सांगायची. ती मोठ्या झटक्याची नांदी असू शकते. पाणी पुरेसं पिणं, लघवी तुंबू न देणं, सिकलसेलसाठी हायड्रॉक्सियुरियाची गोळी चालू असेल तर ती न चुकता घेणं याला महत्त्व आहे. आणि सिकलसेल असलेल्याने सिल्डेनाफिल स्वतःच्या मनाने कधीच घेऊ नये. सिकलसेलच्या रुग्णांवर तिचा एक मोठा अभ्यास चालू होता, तो अंगदुखीचे झटके वाढले म्हणून मधेच बंद करावा लागला. सिकलसेलचं कार्ड देणाऱ्या प्रत्येक सिस्टरने मुलाच्या बापाला बाजूला घेऊन या चार तासांबद्दल सांगावं, अशी माझी आरोग्य खात्याला विनंती आहे. आश्रमशाळेच्या अधीक्षकालाही सांगावं, कारण पहाटे पोरगं त्याच्याच वसतिगृहात असतं.

अडचण कुठे आहे मला ठाऊक आहे. गावात आरोग्याचं काम करणारी आशाताई नात्याने वहिनी किंवा पुतणी लागते. सिस्टर बाई, उपकेंद्रातली डॉक्टरही कधी कधी बाई. तिच्यापुढे हे कसं काढायचं? डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन खेड्यांतल्या स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापलं, तेव्हा ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचं दिसलं आणि उपचार फारच थोड्या जणींना मिळाले होते. त्या बायका बोलल्या, कारण कुणीतरी आडोशाला बसवून विश्वासाने विचारलं. पुरुषांना तसं कुणी विचारलं नाही, आणि पुरुष आपणहून सांगत नाहीत. तेव्हा सुरुवात आपणच करायची. पुरुष आरोग्य सेवक असेल तर त्याला गाठा. लाज फारच वाटत असेल तर आपलं सोडून दुसऱ्या गावचं केंद्र गाठा, त्याला मनाई नाही. उपकेंद्रातून ई-संजीवनीवर दूरच्या डॉक्टरशी बोलता येतं. १०४ वर फोन करूनही विचारता येतं. एकच वाक्य बोला, 'डॉक्टर, इतक्या महिन्यांपासून मला ताठरता येत नाही.' पुढचं ते विचारतील.

तिथून चिठ्ठी घेऊन चंद्रपूर किंवा गडचिरोलीच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात. ऑपरेशनचा प्रश्न आला तर नागपूरचं सुपर स्पेशालिटी, एम्स किंवा सेवाग्राम. विभागाचं नाव युरोलॉजी. 'गुप्तरोग तज्ज्ञ' शोधू नका. सिरोंचा-भामरागडच्या माणसाला नागपूर म्हणजे दोन दिवसांचा खर्च आणि बुडालेली रोजी, म्हणून जुने कागद, चालू गोळ्यांची पाकिटं आणि सिकलसेल कार्ड सोबत घेऊनच निघा. सिकलसेलच्या रुग्णाला एसटीत सवलत आहे, डेपोत विचारा. ऑपरेशन सरकारी योजनेत बसतं का, हे भरती होण्याआधी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारून लेखी घ्या.

सर्जनला विचारायला बिचकू नका. वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता? किती जणांचा रॉड काढावा लागला? माझ्यासाठी हाच प्रकार का? रॉडची कंपनी कोणती, एकूण बिल किती? ऑपरेशन झालेल्या एखाद्या माणसाशी, त्याची हरकत नसेल तर, बोलायला मिळेल का? कसलेला सर्जन या प्रश्नांनी रागावत नाही. आणि बायकोला सोबत न्या. तिला माहीत नसताना रॉड बसवून घेतलेल्या घरात समाधानापेक्षा संशय जास्त येतो. शिवाय तिलाही काही विचारायचं असतं, कदाचित तिला हे नकोच असेल, तेही आधीच कळलेलं बरं.

ऑपरेशन झालं तर रॉडची माहिती असलेलं कार्ड पाकिटात ठेवा. पुढे कधी एमआरआय काढायचा झाला किंवा लघवीची नळी घालायची वेळ आली तर त्याआधी डॉक्टरांना ते दाखवा. तुम्ही शुद्धीवर नसाल तर ते दाखवणारं कुणीतरी घरात असू द्या.